राजाच्या मानेवरची रेघ

ती रेघ वर आलेली होती! त्या रात्री घरातल्या चार जणांना मी हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं आणि त्यात एवढं काय आहे ते कुणालाच कळलं नाही, म्हणून आता पहिल्यापासून लिहितेय.

काटोलच्या आमच्या घरात देवघराखालच्या फडताळात पितळेचा एक डबा आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तो बाहेर निघतो. त्यातली जुनी नाणी चिंचेच्या कोळात भिजतात, राखेनं घासून लख्ख होतात, दुसऱ्या दिवशी लाल कापडावर मांडली जातात, हळदकुंकू लागतं आणि भाऊबीज झाली की परत डब्यात. अठरा वर्षं मी ती नाणी घासली आणि एकदाही एखादं नाणं हातात धरून नीट पाहिलं नाही. गेल्या दिवाळीत नुकताच चष्म्याचा नंबर बदलला होता. घासता घासता पंचम जॉर्जच्या एका पैशावर राजाच्या मानेमागून निघालेली केसासारखी बारीक रेघ दिसली. 'एम्परर' या शब्दातल्या एका अक्षराला मधोमध कापत ती थेट काठाला भिडली होती. नाणं 1919 सालचं. शंभर वर्षांत कुठं तरी ओरखडा पडला असेल, असं वाटलं आणि सहज नख फिरवलं. नख आत अडकायला हवं होतं ना? ते वर ठेचकाळलं!

ओरखडा आत जातो. ही रेघ उंच होती, बांधासारखी. तयार नाण्यावर बाहेरून कुणी उंच रेघ काढणार तरी कशी? त्यासाठी धातू लागतो, आणि तो आणायचा कुठून?

"काय पाहून राह्यली वं एवढं?" आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी विचारलं. मी नाणं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला, "हो, लागते खरं हाताले," म्हणाल्या आणि पुन्हा चिंच कुस्करायला लागल्या.

उत्तर मिळालं भाऊबीजेला. माझा धाकटा भाऊ हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेसच्या डाय दुरुस्त करणं हे त्याचं रोजचं काम. ओवाळणी झाली, आणि ताटातल्या सुपारीशेजारी मी तो पैसा ठेवला. त्यानं तो खिडकीपाशी नेला, तिरपा धरला आणि दोन सेकंदांत म्हणाला, "ताई, डायले क्रॅक गेली आहे ना ही. आमच्याकडं जॉबवर अशी लाइन आली तर आख्खा लॉट बाजूला ठेवतात."

डायले क्रॅक! दोन शब्दांत त्यानं माझ्यापुढं आख्खी टांकसाळ उघडी केली.

नाणं कसं बनतं, तर खाली एक पोलादी ठसा, वर दुसरा, मध्ये धातूची कोरी चकती आणि ती बाजूला पसरू नये म्हणून भोवती एक कडं. वरून दाब आला की थंड धातूसुद्धा क्षणभर कणकेसारखा वागतो आणि ठशातल्या प्रत्येक खाचेत घुसतो. ठशात जे खोल कोरलेलं, ते नाण्यावर उंच येतं. आता ते पोलाद पाणी देऊन कडक केलेलं असतं, आणि जे कडक ते ठिसूळ. हजारो घाव सोसल्यावर एखाद्या दिवशी त्याला केसाएवढा तडा जातो. पुढच्या घावाला धातू राजाच्या नाकात, दाढीत, मुकुटात शिरतो तसाच त्या तड्यातही शिरतो. म्हणजे माझ्या नाण्यावरची रेघ ही नाण्याची जखमच नव्हती. ती पोलादाची जखम होती, नाण्यानं नुसता तिचा उलटा छाप उचलला होता. पेढ्यावर दाबायचा लाकडी ठसा चिरला तर त्यानंतरच्या प्रत्येक पेढ्यावर बारीक उंच दोरी उमटते, अगदी तसंच.

तो ठसा केव्हाच वितळवून टाकला असेल. त्याच्या अंगावरचा तडा मात्र आमच्या देवघराखाली बसून होता, आणि मी त्याला दरवर्षी चिंच लावत होते.

त्यानंतरचा आठवडा मी कशी जगले ते विचारू नका. बाजारातल्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि काकांना त्यांचं डोळ्यात बसवायचं भिंग चार दिवसांसाठी मागितलं. त्यांनी जुनं होतं ते दिलं आणि वर एक गोष्ट शिकवली, जी पुढं सगळ्यात जास्त उपयोगी पडली. "ताई, भिंग डोळ्याले चिकटवा आणि नाणं भिंगाजवळ आणा. भिंग नाण्यावर ठेवून वाकू नका, काही दिसत नाही तसं." आणि उजेड वरून नको, बाजूनं हवा, टेबलाला टेकलेला. संध्याकाळी शेतात उन्हं तिरपी झाली की साधं ढेकूळही लांब सावली टाकतं, तसा. टेबलावरचा दिवा पुस्तकाच्या उंचीएवढा खाली आणला आणि आमच्या डब्यातला प्रत्येक पैसा डोंगरदऱ्यांचा मुलूख झाला.

या पैशांची थोडी ओळख करून देते, कारण नवी पिढी यांना सरसकट 'जुनं नाणं' म्हणते. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे चौसष्ट पैशांचा रुपया. नाण्यावर इंग्रजीत 'वन क्वार्टर ॲना' लिहिलेलं असलं तरी बाजारात तो पैसाच. व्हिक्टोरिया राणीचा पैसा शुद्ध तांब्याचा आणि जाडजूड, सुमारे साडेसहा ग्रॅमचा. 1906 पासून तो ब्राँझचा आणि पातळ झाला, पाच ग्रॅमच्याही जरा खाली. मग 1943 मध्ये, महायुद्धामुळं तांब्याचा तुटवडा पडल्यावर, मधोमध भोक पाडलेला भोकाचा पैसा आला, जेमतेम दोन ग्रॅमचा. तो मुंबई-कलकत्त्यात तर पडलाच, लाहोरला आणि पार दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियालाही पडला. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये घोड्याचा पैसा, आणि 1 एप्रिल 1957 पासून नया पैसा. आमच्या डब्यात हे सगळे आहेत.

आता दुसरं नाणं, ज्यानं मला खरोखर झोपू दिलं नाही.

डब्याच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी होती. गाठ इतकी घट्ट की कुणी कधी सोडलीच नसावी, त्यामुळं आतली नाणी चिंचेपासून वाचलेली. त्यात 1936 चा एक पैसा निघाला. सालाखाली टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीचा. आणि तो दिसायला अगदी विचित्र! अक्षरं फुगलेली, पसरलेली, पावसात भिजलेल्या वहीतल्या शाईसारखी. मी म्हटलं, हा फार फिरलेला दिसतो. पण मग तो चमकत का होता? हातात हलवला की चमक चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरत होती. चिंचेची चमक अशी फिरत नाही, ती सगळीकडं सारखी, भाजल्या कातडीसारखी गुलाबी असते. शिवाय हातोहात फिरलेल्या नाण्याची आधी उंच ठिकाणं जातात. राजाची भुवई, गाल, कानाजवळचे केस, मुकुटावरची रत्नं सपाट होतात आणि खोलगट भाग शाबूत राहतो. इथं उलटं होतं. गाल भरलेला, केस कोवळे, आणि काठाजवळची अक्षरं मात्र पायाशी वितळून काठाकडं ओढली गेलेली. भिंगातून पाहिलं तर सपाट भागावर मधून काठाकडं जाणाऱ्या असंख्य बारीक सरी. पावसाळ्यात उतारावरून पाणी वाहून गेल्यावर मातीवर उरतात, हुबेहूब तशा!

भावाला रात्री साडेदहाला फोन केला. तो म्हणाला, "धातू वाहतो ना ताई, दर घावाला बाहेर पळतो, आणि पळताना डायले घासत जातो." एक चकती किती घासणार? पण एकामागून एक हजारो चकत्या त्याच वाटेनं बाहेर पळाल्या की पोलादातही वाटा पडतात. दगडी विहिरीच्या काठावर दोराच्या खाचा पडतात तशा. मग त्या वाटा पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटतात आणि अक्षरांच्या कडा बोथट होत जातात.

म्हणजे तो पैसा मुळात झिजलेलाच नव्हता. तो जन्मतःच असा होता. नाणं कोरं, तरणं, आणि त्याला जन्म देणारा ठसा म्हातारा!

हे कळलं त्या क्षणी मी उठून उभी राहिले. एका नाण्यावर दोन वयं असतात! एक त्याचं स्वतःचं, म्हणजे किती खिशांतून, किती बटव्यांतून, किती दुकानदारांच्या गल्ल्यांतून फिरलं त्याचं. आणि दुसरं त्याच्या ठशाचं, जे टांकसाळीच्या दाराबाहेर पडण्याआधीच त्याच्यावर लिहिलं गेलेलं असतं. आजवर मी दोन्हींना एकाच शब्दात 'जुनं' म्हणत होते. आता डब्यातलं कुठलंही नाणं उचललं की आधी गाल बघते, मग अक्षरांचे पाय. गाल गेलेला आणि अक्षरं टोकदार असतील तर ताज्या ठशाचं पण खूप राबलेलं नाणं. गाल भरलेला आणि अक्षरं सुजलेली असतील तर थकलेल्या ठशाचं पण घरात बसून राहिलेलं. आणि दोन्ही गेलेली असतील तर फार जपून बोलावं लागतं, कारण तिथं एका झिजेनं दुसरीचा पुरावा खाल्लेला असतो.

ठशाच्या थकव्यामुळं केवढा गोंधळ होतो पाहा. अमेरिकेत 1922 साली एक सेंटची नाणी फक्त डेन्व्हरच्या टांकसाळीत पडली, त्यामुळं त्या सालच्या प्रत्येक सेंटवर डेन्व्हरचं 'डी' हे खुणेचं अक्षर असायलाच हवं. पण काही नाण्यांवर ते नाहीच! ठसे इतके झिजले, बुजले आणि पुन्हा घासून वापरले गेले की अक्षरच नाहीसं झालं. आज लोक तेच बिनअक्षराचं नाणं शोधत फिरतात. 1955 चा आणखी एक अमेरिकन सेंट आहे, त्यात ठसा बनवतानाच मूळ छाप दोनदा, किंचित फिरून बसला आणि नाण्याच्या दर्शनी बाजूवरची अक्षरं नि साल दुहेरी झाले. तिथं घावात काहीच चुकलं नव्हतं, चूक ठशाच्या जन्मातली होती.

मला सगळ्यात जवळची वाटली ती 'चावलेल्या' पैशाची गोष्ट, कारण ती मी आधीपासून जाणत होते, फक्त ओट्यावर. करंजीसाठी मोठी पोळी लाटायची आणि वाटीनं पुऱ्या कापायच्या. घाईत वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली की पुढची पुरी चंद्रकोरीसारखी खाल्लेली निघते. टांकसाळीतही अगदी हेच होतं. धातूची लांब पट्टी, तिच्यातून कापलेल्या गोल चकत्या, आणि पट्टी नीट पुढं सरकली नाही तर एक चकती तशीच खाल्लेली. आमच्याकडं घोड्याच्या पैशात असा एक आहे. भाऊ म्हणाला, "कोणी कानशीनं कापला नसेल कशावरून?" मला दोन दिवस उत्तर सापडेना. मग सापडलं! चकती छापण्याआधी तिची कड दाबून उचलतात. चकतीला एका बाजूनं घास घेतलेला असेल तर त्याच्या बरोबर समोरच्या कडेवर दाब बसतच नाही, त्यामुळं तिथला काठ पुसट राहतो. आमच्या पैशावर घास आहे घोड्याच्या पायापाशी, आणि थेट त्याच्या समोरचा काठ विरून गेलाय. कानस चालवणाऱ्याला समोरचा काठ विरवता येणार नाही. हे तपासताना माझे हात थरथरत होते.

अशा तपासणीतून एक साधी कसोटी हाती लागली: जे झालं ते ठशांच्या मधल्या त्या क्षणात होऊ शकत होतं का? नसेल, तर ते बाहेरचं. आमच्याकडं एक चपटा, पसरलेला, जवळजवळ कोरा पैसा आहे आणि मला तो फार दुर्मिळ वाटला होता. सासऱ्यांनी तो पाहिला आणि गप्प बसले. मग सांगितलं की लहानपणी ते आणि त्यांचे मित्र काटोल स्टेशनाकडं जायचे. इटारसीकडून येणारी मालगाडी दिसली की रुळावर पैसा ठेवायचे. हा तो पैसा. मारही खाल्ला होता त्यासाठी. टांकसाळीची चूक नाही ही, पण तो मी वेगळ्या पुडीत ठेवलाय आणि वर त्यांचं नाव लिहिलंय.

नाणी जमवणारे ज्याला 'लाखी' म्हणतात, म्हणजे लाखात एक, ते नाणं मी अजून पाहिलेलं नाही. छापलेलं नाणं ठशालाच चिकटून बसतं, यंत्राला ते कळत नाही, पुढची कोरी चकती खाली येते आणि तिच्यावर ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचा छाप बसतो. मग एका बाजूला राजा उंच, आणि दुसऱ्या बाजूला तोच राजा खोल, आरशातल्यासारखा उलटा! त्याची लहान भावंडं मात्र घरीच भेटली. कधी चकती मध्ये आलीच नाही तर वरचा ठसा खालच्या ठशावर नागडा आदळतो आणि दोघं एकमेकांच्या अंगावर खूण ठेवतात. आमच्या आणखी एका पैशावर राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत मागच्या बाजूच्या वर्तुळाची फिकट कमान आहे, भुतासारखी. ती एकदा दिसली की मग दिसतच राहते.

आणि मग डब्यातला तो वेडावाकडा, जाड, काळा तुकडा. आई त्याला शिवराई म्हणतात आणि तो कधीच चिंचेत घालत नाहीत, त्याला फक्त गंध. 1674 च्या राज्याभिषेकानंतर महाराजांच्या नावानं पडलेली ही तांब्याची नाणी, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढं पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या आणि इंग्रजी अमलातही त्या बाजारात चालल्या. आमची कुठल्या काळची, ते ठरवण्याइतकं माझं शिक्षण झालेलं नाही. पण भिंगातून 'राजा'मधला 'जा' आणि त्यावरची अर्धी रेघ दिसते, बाकी सगळं नाण्याबाहेर. हे हातोड्यानं पाडलेलं नाणं. ठसा मोठा, तुकडा लहान, कारागीर जिथं ठेवेल तिथला मजकूर उमटणार. इथं 'मधोमध नाही' ही चूक नव्हेच, तीच रीत! अक्षरांची वळणं तर कोरणाऱ्यागणिक बदलतात, कुठं 'शिव', कुठं 'सिव', कुठं 'शीव'. यंत्राच्या पैशात मी कारखाना शोधत होते, इथं थेट एका माणसाचा हात होता.

अभ्यासक यापुढं काय करतात ते वाचून तर मी थक्क झाले. एकाच ठशाची दोन नाणी मिळाली, एकावर तडा छोटा आणि दुसऱ्यावर लांब, तर कुठलं आधी पडलं ते सांगता येतं! कारण तडा वाढतो, आखडत नाही. अशी नाणी ओळीनं लावत ज्यावर साल नाही त्या नाण्यांचाही क्रम लावता येतो. आपल्या महाराष्ट्रात नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथं जायचं मी ठरवून टाकलंय.

काटोलच्या माणसाला हे समजावणं खरं तर अवघड जाऊ नये. 22 मे 2012 ला भर दुपारी आमच्या भागावर आकाशातून उल्केचे दगड पडले. तेव्हा आख्खा तालुका शेतातला प्रत्येक काळा दगड उलटून पाहत होता, आणि पुढं शास्त्रज्ञांना त्या दगडांत पृथ्वीच्या खोल पोटातलं खनिज सापडलं. जवळून पाहिलं म्हणून सापडलं.

किमतीचं विचाराल तर, लोक पहिल्यांदा तेच विचारतात, म्हणून सांगते. तडा गेलेले, झिजल्या ठशाचे पैसे ढिगानं आहेत आणि त्यांना फारसं कुणी विचारत नाही. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणून फोन करणारे आणि आधी 'फी' भरायला लावणारे फसवे असतात. 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्वतः तसा इशारा दिला होता. माझ्या शेजारणीला मी हे दोनदा बजावलंय.

या वर्षी चिंच भिजवायची वेळ आली तेव्हा मी आईंना म्हटलं, नाणी घासू नका, त्या सरी, ती फिरणारी चमक सगळी निघून जाते. "म्हंजे लक्ष्मी काळीच ठेवाची का वं?" त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता आणि मला पटणारं उत्तर सुचेना. शेवटी अकरा नाणी पूजेची म्हणून त्यांनी निवडली, ती दरवर्षी घासायची. बाकीची मी कागदाच्या पुड्यांत ठेवली. निवडताना त्या एकेक नाणं अंगठ्याखाली घेत होत्या, तांदळातला खडा चाचपावा तशा. एकाएकी थांबल्या.

"हे पाय बरं. हेही लागते."

1919 चा दुसरा पैसा. दिवा खाली आणला, भिंग डोळ्यात बसवलं. मानेमागून निघालेली रेघ, 'एम्परर'मधल्या त्याच अक्षरापर्यंत आलेली, आणि काठाच्या कितीतरी अलीकडं थांबलेली.